झोपलेली बाजू

आमच्या घरात कॉम्प्युटर एक होता आणि त्यात संसार दोन. अर्धी डिस्क माझी, अर्धी सासऱ्यांची. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर दोन ओळी यायच्या. वरची माझी, लिनक्सची, खालची बाबांची, विंडोजची. दहा सेकंदांत कुणी काही दाबलं नाही तर मशीन आपणहून माझ्या बाजूला यायचं. तसं मीच करून ठेवलं होतं आणि बाबा त्यावरून टोमणे मारायचे.

"सूनबाई, पुढची खोली तू घेतलीस आणि म्हाताऱ्याला दिलीस मागची."

माझं काम जुन्या कागदांचं. कुठल्या कुठल्या कचेऱ्यांमधले पिवळे पडलेले दस्तऐवज स्कॅन होऊन माझ्याकडे येतात. मी त्यांच्यावरचे डाग काढते, फाटलेल्या ओळी जुळवते आणि परत पाठवते. कंपनीचं सॉफ्टवेअर लिनक्सवरच चालतं. सकाळी दहा ते चार मशीन माझं, चारनंतर बाबांचं, अशी सरळ वाटणी होती. भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. बाबा मशीन बंद करत नसत, झोपवत.

म्हणजे काय ते सांगते. विंडोजमध्ये अशी सोय असते की उघडलेलं सगळं तसंच ठेवून मशीन निजवायचं. मग वीज गेली तरी बिघडत नाही. पुन्हा सुरू केलं की काल जिथे बोट थांबलं होतं तिथूनच पुढे. बाबांना ही सोय सापडली आणि ते हरखून गेले, कारण त्यांची सगळी नोकरी कागदाच्या गिरणीत बॉयलरवर गेली होती. बॉयलरची भट्टी रोज विझवत नाहीत. काम संपलं की निखाऱ्यांवर राख ओढतात, दुसऱ्या दिवशी राख बाजूला केली की आग तयार. थंड पडलेली भट्टी पेटवायची तर अख्खा दिवस जातो. हे त्यांच्या हाडीमाशी खिळलं होतं.

"बाबा, निदान सेव्ह तरी करत जा."

"सेव्ह कशाला? मी कुठे बंद करतोय?"

यावर काय बोलणार, कप्पाळ! मी दहादा सांगून पाहिलं, मग नाद सोडला. पालथ्या घड्यावर पाणी, असं मी नवऱ्याला म्हणायची. तो म्हणायचा, तुम्ही दोघं बघून घ्या.

बाबा लिहीत होते ती गोष्ट मात्र साधी नव्हती. आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, झटका येऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. उजवा हात आणि पाय लुळे पडले, पण खरा घाव शब्दांवर बसला. आई टेलिफोन एक्सचेंजमध्ये होत्या. बोलणं हीच नोकरी, आणि बाबांच्या म्हणण्याप्रमाणे ती घरी आल्यावरही चालूच असायची. आता त्यांच्या तोंडून शब्द येत, चांगले स्पष्ट येत, पण भलतेच. पाणी हवं असलं की 'जिना'. चष्म्याला 'मावशी'. थंडी वाजली की 'इंजिन'. लिहून दाखवावं तर डाव्या हाताने काढलेली अक्षरंही तशीच घसरलेली. मानेने हो-नाही करा म्हणावं तर तिथेही भरवसा नव्हता. नाही म्हणायचं असताना मान होकाराची हलायची आणि स्वतःच्याच मानेवर त्या चिडायच्या. दुसऱ्याचं बोलणं मात्र त्यांना अक्षर न् अक्षर कळायचं. आपलं चुकतंय हेही कळायचं, आणि ते बघवत नसे.

डॉक्टर म्हणाले, शब्दांचा सराव करून घ्या. आम्ही चित्रांची कार्डं आणली. नवरा पंधरा दिवस ती कार्डं घेऊन आईसमोर बसला, मग दोघंही रडकुंडीला आली. बाबा नुसते ऐकत बसायचे. ऐकता ऐकता त्यांच्या ध्यानात आलं की जिना म्हणजे नेहमी पाणीच असतं. शब्द जागचे हलले होते खरे, पण हलून कुठे ना कुठे पक्के बसले होते. त्या दिवसापासून बायकोला जुनी भाषा शिकवायचं सोडून त्यांनी तिची नवी भाषा शिकायला घेतली. शिकता शिकता यादी करायला घेतली. नोटपॅड उघडून, दोन बोटांनी, एका ओळीत एक. डावीकडे आईंचा शब्द, उजवीकडे त्याचा अर्थ.

पहिल्या आठवड्यात मी शेजारी बसून ती फाइल त्यांना सेव्ह करून दिली. 'आईचे शब्द' असं नाव दिलं. तेव्हा सदतीस शब्द झाले होते. त्यानंतर आठ महिने ती खिडकी उघडीच राहिली. रोज चार वाजता मशीन जागं व्हायचं, बाबा दोन-चार ओळी घालायचे आणि आईंना मोठ्याने वाचून दाखवायचे. पटलं तर आई हसायच्या. नाही पटलं तर ओरडायच्या, "पोस्ट!" पोस्ट म्हणजे चूक. मग बाबा चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "बरं बाई, पोस्ट तर पोस्ट," आणि खोडायचे. दीड वर्षात घरात हसण्याचा आवाज यायचा तो तेवढाच अर्धा तास. मी स्वयंपाकघरातून ऐकायची.

"एवढी यादी कशाला हो बाबा? तुम्हाला तर सगळं पाठ आहे," एकदा मी म्हटलं.

"मला आहे. तुला आहे का? तुझ्या नवऱ्याला आहे? मी काही अमरपट्टा घेऊन आलेलो नाही." मग खाली वाकून पडद्यावरचा आकडा वाचत म्हणाले, "चारशे बारा झाले आज."

आता माझी ओळ.

घरातले सगळे कागद बाबांच्या बाजूला असायचे. स्कॅनर त्यांचा, हौसही त्यांची. आईंचे रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या, स्वतःच्या तपासण्या, सगळं तारीखवार. मला त्यातलं काही लागलं तर मशीन बंद करून त्यांच्या बाजूला जायचं, पेनड्राइव्हवर घ्यायचं, मग परत माझ्याकडे. मला असल्या येरझाऱ्या खपत नाहीत. मी लिनक्समधल्या एका फाइलीत एक ओळ लिहिली, की माझी बाजू सुरू होताना बाबांचा डिस्कचा भाग आपोआप जोडून घे. ओळीच्या शेवटी असंही लिहिलं की नाही जमलं तर अडून बसू नको, पुढे चल. आणि रोज तेच व्हायचं. बाबांची बाजू झोपलेली असायची. झोपलेल्या डिस्कमध्ये दुसऱ्याने हात घातला तर गोंधळ होतो म्हणून लिनक्स तिला शिवायचा नाही, न जोडताच पुढे जायचा. माझी ओळ आठ महिने नुसती शोभेची होती.

मग तो सोमवार आला. सकाळी साडेनवाला बाबांच्या छातीत दुखू लागलं. घाम, गार हात. नवरा त्यांना ॲम्ब्युलन्समधून घेऊन गेला. मी आईंजवळ थांबले. अर्ध्या तासाने त्याचा फोन आला.

"दोन वर्षांपूर्वीचा तो हृदयाचा रिपोर्ट लगेच पाठव. डॉक्टर मागतायत."

मी मशीन सुरू केलं. दहा सेकंद कधी गेले कळलं नाही आणि मी माझ्या बाजूला येऊन पडले. बाबांचा भाग जोडलेला नव्हता. रोजचाच निरोप, ती बाजू झोपेत आहे. तेव्हा मी काय करायला हवं होतं ते मला आज विचाराल तर झोपेतही सांगेन. मशीन पुन्हा सुरू करायचं, खालची ओळ निवडायची, बाबांची बाजू जागी करायची, रिपोर्ट तिथूनच पाठवायचा. तीन मिनिटांचं काम. त्या तीन मिनिटांनी बाबांचं काही बिघडणारही नव्हतं, डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला तो दुपारी.

पण मला चीड आली. बाबांची, त्यांच्या भट्टीची, त्या मशीनची. मी नेटवर तोच निरोप शोधला. कुणीतरी उत्तर दिलं होतं, तुमच्या ओळीत हा एक शब्द वाढवा, मग झोपलेली डिस्कही जोडली जाईल. झोपेची फाइल काढून टाका, असा त्या शब्दाचा अर्थ. मला वाटलं, झोपेची फाइल म्हणजे दारावर लावलेली पाटी असेल, आत कुणी झोपलंय अशी. पाटी काढली की दार उघडेल. उत्तरात त्यापुढे आणखी एक वाक्य होतं. मी ते वाचलं नाही. शब्द घातला, मशीन पुन्हा सुरू केलं आणि काय सांगू, बाबांचं सगळं माझ्यासमोर उघडलं. रिपोर्ट गेला. इतक्या घाईतही मी स्वतःवर खूश झाले. इतके दिवस उगाच सोसलं, असं मनात आलं, हे लपवत नाही.

त्यानंतर रोज मशीन सुरू झालं की बाबांचा भाग आपोआप जोडला जायचा. हॉस्पिटलमधून नवरा कागदांचे फोटो पाठवायचा आणि मी ते बाबांच्याच फोल्डरमध्ये तारीखवार लावायची. त्यांना आवडेल, म्हणून.

बुधवारी शेजारच्या काकूंना आईंजवळ बसवून मी भेटायला गेले. बाबांच्या तोंडावर मास्क होता. तो बाजूला करून त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"ती काय म्हणतेय?"

"कालपासून 'गालिचा' म्हणतायत. सारखं. आम्ही पांघरूण दिलं, पायाखाली चटई टाकली. सगळं भिरकावून देतात."

बाबा हसले. हसताना खोकला आला, नर्सने रागाने बघितलं. जरा वेळाने ते म्हणाले, "गालिचा मी. मला हाक मारतेय ती."

मी खाली बघितलं.

"तिला सांग, येतोय म्हणून. आणि हे बघ, सगळं लिहिलंय मी. हो-नाहीचंसुद्धा. तिची मान कधी खरी मानायची, कधी उलटी, सगळं. मशीन झोपवून ठेवलंय. उठवलंस की समोरच दिसेल. कागदावर काढ आणि स्वयंपाकघरात चिकटव."

"हो बाबा."

"विझवलं नाहीस ना?"

"नाही बाबा."

मी खोटं बोलत नव्हते. मला तेव्हा माहीतच नव्हतं. ते मात्र निर्धास्त झाले, मास्क पुन्हा लावला आणि डोळे मिटले. गुरुवारी दुपारी ते गेले.

आईंना नवऱ्याने सांगितलं. त्या रडल्या नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. दुसऱ्या दिवशी चार वाजता उठून बसल्या, मशीनकडे बघितलं आणि म्हणाल्या, "गालिचा." एवढा एक शब्द आम्हाला कळत होता, आणि नेमका तोच कळायला नको होता.

बाकी काही कळत नव्हतं. घर माणसांनी भरलेलं होतं तोवर निभावलं. आठवड्याने सगळे आपापल्या घरी गेले आणि आम्ही तिघंच उरलो. आई म्हणत, "दोरा." आम्ही सुई-दोऱ्याचा डबा आणायचो. "दोरा, दोरा!" आम्ही औषध द्यायचो, खिडकी लावायचो, उशी बदलायचो. संध्याकाळी कळायचं की कुशीखाली चादरीचा चोळामोळा होऊन त्यांना रुतत होता. मी नवऱ्याला म्हटलं, थांब, बाबांची यादी आहे.

मी मशीन सुरू केलं. त्या सोमवारनंतर पहिल्यांदाच खालची ओळ निवडली. झोपेतून उठताना बाबांची बाजू एक ओळ दाखवायची, 'पुन्हा सुरू करत आहे'. ती आली नाही. विंडोज नव्याने सुरू झालं आणि समोर मोकळा निळा पडदा आला. एकही खिडकी उघडी नव्हती.

मी 'आईचे शब्द' उघडली. सदतीस ओळी. मी खाली सरकवत राहिले. खाली काही नव्हतं.

मग मी ते नेटवरचं उत्तर पुन्हा काढलं आणि न वाचलेलं वाक्य वाचलं. 'लक्षात ठेवा, झोपवलेल्या सत्रातलं न साठवलेलं काम कायमचं जाईल.' ज्याला मी पाटी समजले होते तेच आत झोपलेलं सगळं होतं. सोमवारी सकाळी, बाबा ॲम्ब्युलन्समध्ये असताना, मी ते पुसलं होतं. बुधवारी त्यांना 'हो बाबा' म्हणाले तेव्हा दोन दिवस उलटून गेले होते.

डिस्क काढून मी बाजारातल्या एका दुकानात नेली. पुसलेल्या फाइली परत आणून देणारा माणूस, शांत, बोटांना सोल्डरचा वास. त्याने दोन दिवस ठेवून घेतली.

"मॅडम, ती यादी फाइल म्हणून डिस्कवर कधी नव्हतीच. होती ती झोपेच्या फाइलीत, गुंडाळून. ती पुसल्यावर तिच्या जागेवर तुम्ही नवीन काही ठेवलंत का?"

"फोटो," मी म्हटलं. "हॉस्पिटलच्या कागदांचे. साठ-सत्तर असतील."

त्याने नकाराची मान हलवली आणि डिस्क परत दिली. पैसे घेतले नाहीत. त्याचंच मला जास्त लागलं.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याने डिस्क हातात घेऊन उलटसुलट बघितली. मग म्हणाला, "बाबांनी सेव्ह करायला हवं होतं." माझी समजूत घालायला म्हणाला, कळत होतं. तरी मी त्याच्या अंगावर ओरडले. चूक ज्याची त्याची, माझी मला राहू दे. बाबांनी आठ महिने निखारे झाकून जपले होते आणि मी त्यांच्यावर बादलीभर पाणी ओतलं, तो दोष घ्यायला मी एकटीच पुरे होते.

आईंना सांगायचं राहिलं होतं. मी आज सांगते, उद्या सांगते करत होते. पण त्या थांबायला तयार नव्हत्या. यादी आहे हे त्यांना ठाऊक होतं, प्रत्येक ओळ त्यांच्या समोर झाली होती. मी चुकीची वस्तू आणली की त्या डाव्या हाताने मशीनकडे बोट दाखवायच्या. वाच ना, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं असायचं. मला वाटतं, त्यांना वाटत असावं की सुनेला आपल्यासाठी तेवढासुद्धा वेळ नाही. हे मला सहन होईना.

एका दुपारी काम अर्धवट टाकून मी त्यांच्या पलंगाशी खुर्ची घेतली. बाबा बसायचे तीच जागा.

"आई, बाबांची यादी नाहीये."

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी सगळं सांगितलं. डिस्कचं, ओळीचं, त्या एका शब्दाचं. त्यांना डिस्कचे भाग म्हणजे काय ते कळलं की नाही कोण जाणे, पण मी घाई केली आणि बाबांचं लिहिलेलं पुसलं गेलं, एवढं नक्की कळलं. बाबांना हॉस्पिटलमध्ये 'हो' म्हणाले तेही सांगितलं. "ते गेले तेव्हा त्यांना वाटत होतं की यादी आहे," मी म्हटलं. "सदतीस शब्द उरलेत आई. बाकीचे माझ्यामुळे गेले."

मग त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. चांगलं घट्ट धरलं. माझ्या डोळ्यांत बघत, एकेक अक्षर सुटं करत त्या म्हणाल्या, "टोपण."

सदतीस शब्दांत टोपण नव्हता. मला ते न बघताही माहीत होतं, सदतीसच्या सदतीस पाठ झाले होते.

"आई, रागावलात का माझ्यावर?"

त्यांची मान हलली. होकाराची. पण ती मान कधी खरी मानायची आणि कधी उलटी, हेच तर मी पुसलं होतं.

"टोपण," त्या पुन्हा म्हणाल्या. या वेळी आवाज वेगळा होता, हळू होता. थकला होता की मऊ झाला होता, ते मला ओळखता आलं नाही. हात सोडला नव्हता. मी नजरेआड होईन म्हणून धरला होता, की मला उठवून घालवून द्यायचं होतं, की नुसताच धरला होता?

मी वहीत लिहिलं, अडतीस, टोपण. त्यापुढची जागा कोरी ठेवली. त्याला आता चार महिने झाले. आमचे शब्द हळूहळू वाढतायत, 'दोरा'चा अर्थ लागला, आणखी पन्नास-साठ लागले. आई तो एक शब्द अधूनमधून म्हणतात, फक्त मला, आणि म्हणून झाल्यावर माझ्या उत्तराची वाट बघतात. बाबांना पहिल्याच वेळी कळलं असतं.